एक बाजू वर दिसते म्हणून लगेच दुरुस्ती नको

ताई, स्तनांत इम्प्लांट बसवून सहा आठवडे झाले आणि डावी बाजू उजवीपेक्षा वर दिसते, असं तुम्ही म्हणताय. इतक्या लवकर निकाल लावू नका. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर तो स्नायू सैल पडून सगळं खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात, त्यात एक बाजू मागेपुढे होतेच. म्हणून दिसण्यातल्या फरकासाठी सर्जन सहसा सहा महिन्यांच्या आत परत हात लावत नाहीत.

तोवर दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, हात खाली सोडून फोटो काढा. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत दोन्हीकडे टेपनं मोजा. डॉक्टरही हे माप घेतात. ऑपरेशनआधीचे फोटोही बघा, थोडा फरक बहुतेकींना मुळातच असतो.

जड उचलणं बंद. मराठवाड्यात टँकर आला की हंडे उचलायला सूनच पुढे, हे मला ठाऊक आहे. घरात ठणकावून सांगा, ऑपरेशन कशाचं ते सगळ्यांना सांगायची गरज नाही. मालीशही सर्जननं सांगितली तरच.

मात्र एक बाजू अचानक फुगली, लाल-गरम झाली किंवा ताप आला, तर संभाजीनगरच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जा. पुढे कधी एक बाजू कडक, गोल, वर ओढल्यासारखी झाली, तर इम्प्लांटभोवती शरीरानं तयार केलेलं कवच आवळत असू शकतं, तेही दाखवा. जाताना इम्प्लांटचं कार्ड, म्हणजे त्याची कंपनी आणि नंबर लिहिलेलं कार्ड, न्या. दिलं नसेल तर हॉस्पिटलकडून आत्ताच मागून घ्या.