मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससाठी एकच साधन कोणते निवडावे?

प्रश्न: आमच्या कार्यालयात जुना हिशोब मायएसक्यूएलमध्ये, तर नवी प्रणाली पोस्टग्रेसमध्ये आहे. दोन्ही डेटाबेस पाहता येतील असे विनामूल्य साधन सुचवावे. सर्व्हरपर्यंत एसएसएचमार्गेच (दूरच्या संगणकाशी होणारी सुरक्षित जोडणी) पोहोचता येते आणि काही सहकाऱ्यांना केवळ नोंदी पाहायच्या आहेत.

उत्तर १: मायएसक्यूएल वर्कबेंच आणि पीजीअ‍ॅडमिन आपापल्या डेटाबेससाठी उत्तम असली, तरी तुमच्या गरजेला डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती योग्य ठरेल, कारण ती जेडीबीसी ड्रायव्हरच्या (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) आधारे दोन्हींशी जोडली जाते आणि एसएसएच टनेलची (त्या सुरक्षित जोडणीतून डेटाबेसपर्यंत जाण्याची) सोय जोडणीच्या सेटिंगमध्येच मिळते. ती जावावर चालत असल्याने जुन्या संगणकावर जड वाटते. सर्वजण विंडोज वापरत असतील, तर हलके हायडीएसक्यूएलही पाहावे.

उत्तर २: डीबीव्हरमध्ये जोडणी 'रीड-ओन्ली' करता येते, परंतु कृपया तेवढ्यावर विसंबू नका, कारण ती खूण वापरणारा स्वतःच काढू शकतो. सर्व्हरवर केवळ सिलेक्टचा (नोंदी वाचण्याचा) अधिकार असलेला वेगळा युजर तयार करणे हाच खरा बंदोबस्त आहे. बदल करणाऱ्यांनी ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच आपोआप कायम होणे) बंद ठेवावे, म्हणजे वेअर (कोणत्या नोंदी बदलायच्या ती अट) न लिहिता अपडेट चालवला गेला, तरी कमिटपूर्वी रोलबॅक करता येतो, म्हणजे बदल मागे घेता येतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. प्रथम युजरचे अधिकार ठरवतो, मग डीबीव्हर बसवतो.