सीआयवर ई-टू-ई टेस्ट अधूनमधून फेल: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स आलरेडी'

रात्रपाळी (प्रश्न)

नेस्ट (नोडवरचं सर्व्हर फ्रेमवर्क), टाइपओआरएम (कोड आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस १६ (डेटाबेस). ई-टू-ई टेस्ट (रिक्वेस्टपासून डेटाबेसपर्यंत सगळं ॲप तपासणाऱ्या) जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर आणि सुपरटेस्टवर, साधारण ६० फाइली. ८ कोअरच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं. सीआयचा (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेचा) रनर, म्हणजे मशीन, १६ कोअरचा आहे आणि पोस्टग्रेस त्याच मशीनवर डॉकर कंटेनरमध्ये चालतो. तिथे दर वेळी वेगळ्याच फाइली फेल होतात. एरर मात्र ठरलेल्या:

१. बिफोरऑल हुकने (फाइलमधल्या टेस्टच्या आधी चालणाऱ्या कोडने) ५००० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडली.
२. त्याच फाइलच्या आफ्टरऑलमध्ये, अनडिफाइंडवर 'क्लोज' वाचता येत नाही.
३. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये 'फेटल: सॉरी, टू मेनी क्लायंट्स आलरेडी'.

फेल झालेली फाइल एकटी चालवली की पास होते. रनइनबँड (सगळ्या फाइली एकामागून एक) लावलं तरी सगळं पास, पण वेळ परवडत नाही. ॲप.क्लोज() प्रत्येक फाइलमध्ये आहे. पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन चालतील ती मर्यादा) ५०० करावं, की जेस्टचा टाइमआउट वाढवावा?

पोस्टग्रेसकर

दोन्ही नको. तुमच्या तिन्ही एरर एकाच बिघाडाच्या आहेत, आणि खरी आहे ती तिसरी.

आधी गणित. वेगळं काही सांगितलं नाही तर जेस्ट कोअरच्या संख्येपेक्षा एक कमी इतके वर्कर (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रिया) उघडतो. टाइपओआरएमच्या खाली नोड-पोस्टग्रेसचा पूल (पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) असतो आणि त्याची डिफॉल्ट कमाल मर्यादा १०. म्हणजे लॅपटॉपवर जास्तीत जास्त ७ × १० = ७०, सीआयवर १५ × १० = १५०. पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स डिफॉल्टला १००. लॅपटॉपवर टेस्ट पास होतात त्या केवळ कोअर कमी आहेत म्हणून.

पूल सुरुवातीलाच १० कनेक्शन उघडत नाही, गरज पडेल तशी उघडतो. म्हणून फाइली बदलत राहतात. सीड (टेस्टसाठी आधी लागणारा) डेटा टाकताना कुणी प्रॉमिस.ऑलमध्ये एकदम ५० सेव्ह सोडले की त्या वर्करचा पूल तत्काळ १० वर जातो. उघडलेलं कनेक्शन १० सेकंद रिकामं राहिल्याशिवाय पूल ते सोडत नाही. अशा नऊ-दहा फाइली एका वेळी जुळून आल्या, की पुढच्या फाइलला जागा उरत नाही.

मग पहिली एरर टाइमआउटची का दिसते? नेस्टचं टाइपओआरएम मॉड्यूल कनेक्शन नाकारलं गेलं तर ३ सेकंदांच्या अंतराने, एकूण १० वेळा प्रयत्न करतं. जेस्टच्या हुकची मर्यादा ५ सेकंद. दुसरा प्रयत्न संपून तिसऱ्याची वाट पाहत असतानाच जेस्ट हुक तोडून टाकतो, आणि मूळ कारण रिपोर्टमध्ये येतच नाही. ॲप तयारच झालेलं नसतं, त्यामुळे आफ्टरऑलमध्ये अनडिफाइंड. टाइमआउट ६० सेकंद केलात तर हा बिघाड आणखी खोल पुरला जाईल.

म्हणून टेस्टच्या कॉन्फिगमध्ये सर्वांत आधी रिट्रायअटेम्प्ट्स: १. पोस्टग्रेसने जे सांगितलं तेच जसंच्या तसं टेस्टच्या रिपोर्टमध्ये दिसू द्या.

मग डेटासोर्सच्या एक्स्ट्रामध्ये मॅक्स: ३ आणि कनेक्शनटाइमआउटमिलिस: ३०००. १५ × ३ = ४५, निवांत बसतं. मॅक्स १ करू नका. ट्रान्झॅक्शन चालू असताना आत कुठे साध्या रिपॉझिटरीने क्वेरी मारली असेल, तर ती दुसरं कनेक्शन मागते. पूलमध्ये एकच असेल तर ती स्वतःच्याच ट्रान्झॅक्शनची वाट बघत बसते. कनेक्शनटाइमआउटमिलिसची डिफॉल्ट किंमत ० आहे, म्हणजे अमर्याद वाट, म्हणून तो आकडा देणंही तितकंच गरजेचं.

लहान पूलचा मोठा फायदा म्हणजे गळती लगेच सापडते. क्रिएटक्वेरीरनर() ने कनेक्शन घेऊन रिलीज() ने परत करायला विसरलेला कोड १० च्या पूलमध्ये खपून जातो, ३ च्या पूलमध्ये तिसऱ्या-चौथ्या रिक्वेस्टलाच अडकतो. रिलीज() नेहमी फायनलीमध्ये हवं. कॅचच्या आधी लिहिलेलं असेल तर एरर आली की ते चालतच नाही, आणि एररच्या वाटा तपासणाऱ्या टेस्ट तर ई-टू-ईमध्ये भरपूर असतात.

फेक टायमर वापरणाऱ्या फाइलीही बघा. जेस्टने सेटटाइमआउट बदललं की पूलचा १० सेकंदांचा टायमरही थांबतो आणि रिकामी कनेक्शन तशीच राहतात.

नेमकं कोण किती कनेक्शन धरून बसलंय ते अंदाजाने ठरवू नका. डेटासोर्सच्या ॲप्लिकेशननेममध्ये जेस्ट_वर्कर_आयडी जोडा आणि टेस्ट चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून हे चालवा:

सिलेक्ट ॲप्लिकेशन_नेम, स्टेट, काउंट(*) फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी ग्रुप बाय १, २ ऑर्डर बाय ३ डिसेंडिंग;

इथे एक अडचण येईल. डॉकर इमेजमध्ये पोस्टग्रेस_यूझर म्हणून दिलेला यूझर सुपरयूझर असतो. सुपरयूझरसाठी राखून ठेवलेल्या ३ जागाही मग टेस्टच खातात आणि तपासायला आत शिरताच येत नाही. टेस्टसाठी साधा, क्रिएटडीबी अधिकार असलेला वेगळा रोल करा.

बिल्डमास्तर

वरचं सगळं बरोबर. सीआयवर आणखी दोन गोष्टी याच एररसारख्या दिसतात, त्या वेगळ्या काढा.

कंटेनर 'सुरू' होणं म्हणजे डेटाबेस तयार होणं नव्हे. डॉकर कंपोजमध्ये डिपेंड्स_ऑनखाली कंडिशन: सर्व्हिस_हेल्दी लिहा आणि हेल्थचेकमध्ये पीजी_इझरेडी -एच १२७.०.०.१ असं होस्टसकट द्या. पहिल्यांदा चालताना ही इमेज इनिट स्क्रिप्टसाठी एक तात्पुरता सर्व्हर उघडते, तो फक्त युनिक्स सॉकेटवर ऐकतो आणि नंतर बंद होतो. होस्ट न देता विचारलं तर पीजी_इझरेडी त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच 'तयार' म्हणून मोकळं होतं.

'ईकनरिफ्यूज्ड ::१:५४३२' दिसलं तर डेटाबेस तपासत बसू नका. नोड १७ पासून लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता आधी येऊ शकतो आणि पोर्ट फक्त आयपीव्ही४ वर उघडा असतो. होस्ट म्हणून सरळ १२७.०.०.१ लिहा. जॉब स्वतःच कंटेनरमध्ये चालत असेल तर तोही चालणार नाही, तिथे सर्व्हिसचं नाव लागतं.

रात्रपाळी

रिट्राय १ आणि मॅक्स ३ केलं, टू मेनी क्लायंट्स गेली. क्वेरीरनरची एक गळतीही सापडली. आता कधी 'डेडलॉक डिटेक्टेड' येतं, कधी बिफोरईचमधला (प्रत्येक टेस्टआधी चालणारा) ट्रंकेट, म्हणजे टेबल रिकामं करणारा आदेश, अडकून राहतो. सगळे वर्कर एकाच डेटाबेसवर आहेत. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक केलं तर?

पोस्टग्रेसकर

रोलबॅकची युक्ती इथे लागू पडत नाही. टेस्टने एका कनेक्शनवर टाकलेला, कमिट न झालेला डेटा एचटीटीपी रिक्वेस्टला दिसणार नाही, कारण ती पूलमधून दुसरं कनेक्शन घेते.

ट्रंकेटला त्या टेबलवर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, साध्या सिलेक्टशीही न जुळणारा. एका वर्करने ऑर्डर्स धरून यूझर्स मागितलं आणि दुसऱ्याने उलट, की डेडलॉक. आणि लॉक जुळले तरी एका वर्करचा डेटा दुसरा पुसणारच. क्रम लावत बसण्यापेक्षा प्रत्येक वर्करला स्वतःचा डेटाबेस द्या.

ग्लोबलसेटअपमध्ये टेस्ट_टेम्प्लेट नावाचा डेटाबेस करा, त्यावर मायग्रेशन (टेबलांची रचना तयार करणारा कोड) चालवा आणि ते कनेक्शन बंद करा. मग पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडून १ पासून ग्लोबलकॉन्फिग.मॅक्सवर्कर्सपर्यंत, एकामागून एक:

ड्रॉप डेटाबेस इफ एक्झिस्ट्स टेस्ट_१ विथ (फोर्स);
क्रिएट डेटाबेस टेस्ट_१ टेम्प्लेट टेस्ट_टेम्प्लेट;

फोर्स पोस्टग्रेस १३ पासून आहे. टेम्प्लेटला एकही कनेक्शन चालू असेल तर क्रिएट नकार देतं, 'इज बीइंग ॲक्सेस्ड बाय अदर यूझर्स' असं सांगून. मायग्रेशनचा डेटासोर्स डिस्ट्रॉय() न केल्यामुळेच हे बहुधा होतं. सेटअपफाइल्समध्ये जेस्ट_वर्कर_आयडीवरून डेटाबेसचं नाव ठरवा, ॲप मॉड्यूल इम्पोर्ट होण्याआधी. हा आयडी १ पासून सुरू होतो आणि रनइनबँडमध्ये १ च असतो.

यानंतरही ट्रंकेट अडकला, तर आधीच्या टेस्टने अवेट न केलेलं काहीतरी, किंवा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेतलं कनेक्शन मागे आहे. टेस्टच्या रोलवर हे लावा:

ऑल्टर रोल टेस्टर सेट लॉक_टाइमआउट = '२एस';
ऑल्टर रोल टेस्टर सेट आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट = '५एस';

मग टेस्ट लटकत नाही, दोन सेकंदांत नेमक्या ओळीवर फेल होते. कुणी अडवलंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड) सांगेल.

बिल्डमास्तर

ड्रॉप सुरुवातीलाच ठेवा, ग्लोबलटीअरडाउनमध्ये नको. मधेच रद्द झालेल्या जॉबमध्ये टीअरडाउन चालेलच असं नाही. शिवाय फेल झाल्यावर टेस्ट_७ तसाच शिल्लक असला की आत जाऊन डेटा बघता येतो.