मदत हवी आहे: पियानोवर मोड वाजवते, पण सगळे सी मेजरच वाटतात

पांढरी_पट्टी (फोंडा)
दोन आठवडे एकाच ठिकाणी अडले आहे. सरांनी सात मोड (सुरांच्या वेगवेगळ्या अंतरांचे सात स्वरक्रम) दिलेत. डी ते डी पांढऱ्या पट्ट्या म्हणजे डोरियन, ई ते ई फ्रिजियन, सगळं पाठ आहे. पण काहीही वाजवलं तरी सी मेजरच (सी ते सी पांढऱ्या पट्ट्या) मधून सुरू केल्यासारखं वाटतं. सरांच्या रेकॉर्डिंगमधला डोरियन उदास आहे, माझा नाही. पट्ट्या दहा वेळा तपासल्या, चुकत नाहीत. शनिवारी क्लास आहे, कृपया लवकर सांगा.

सासष्टीकर
पियानो की कीबोर्ड? एक हात की दोन्ही? आणि सर कुठल्या सुरापासून सुरू करतात?

जुना_पेटीवाला
एवढं कशाला? डोरियन म्हणजे काफी थाट (थाट म्हणजे रागांची वर्गवारी करायचा सात सुरांचा साचा). आयोनियन बिलावल, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. देवळातलं भजन भैरवीने संपतं, ते सूर तुमच्या कानात आहेतच.

तिसरी_ओळ
पेटीवाले, अशाने त्यांचा गोंधळ वाढेल. काफी रागाला स्वतःचं चलन (सुरांची ठरावीक चाल) आहे, मोडला तसं काही नाही. आणि बी ते बी म्हणजे लोक्रियन, त्याचं काय करणार? त्यात पंचम उतरतो. आपल्याकडे पंचम अचल, त्यामुळे संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहा थाटांत तो बसत नाही. उलट भैरव, मारवा, पूर्वी, तोडी नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर मिळत नाहीत.

जुना_पेटीवाला
थाट म्हणजे राग असं मी कुठे म्हटलं? कानाला ओळख पटावी म्हणून सांगितलं. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती आधी ऐका, मग ई ते ई वाजवा.

म्हापसा_बाजार
घेणार असाल तर 88 पट्ट्यांचा, जड पट्ट्यांचा डिजिटलच घ्या. लाकडी पियानो आपल्याकडच्या पावसात ओल धरतो. पट्ट्या फुगून अडकतात, ट्यूनिंग हलतं. आमच्या घरचा जून ते सप्टेंबर जवळजवळ बंदच असायचा.

पांढरी_पट्टी
कीबोर्ड आहे, नवीन घ्यायचा नाही. 61 पट्ट्या. फक्त उजव्या हाताने वाजवते, बोटं 1-2-3-1-2-3-4-5 (1 म्हणजे अंगठा, 5 करंगळी). सर सगळे मोड सी पासूनच वाजवतात. त्याने फरक पडेल असं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

सासष्टीकर
अहो, सगळा फरक तिथेच आहे! सर सी ला सा धरतात, तुमच्या डी ला सा म्हणून कोणी आधारच देत नाही. वर्षानुवर्षं सी मेजर ऐकलेला कान पुन्हा सी कडेच ओढला जातो.

डाव्या हाताने खाली डी आणि ए धरून ठेवा, तानपुऱ्यासारखे. पियानोचा आवाज विरतो, म्हणून ऑर्गनचा आवाज लावा. आता उजव्या हाताने सावकाश डी ते डी वाजवा आणि बी वर थांबा. मग बी ऐवजी बी फ्लॅट घ्या: झाला डी एओलियन. दोन्ही आलटून पालटून वाजवा. डी ला सा धरलं की बी म्हणजे शुद्ध धैवत, आणि डोरियनचा सगळा जीव त्यातच आहे.

हे जमलं की सरांसारखं सी पासून करा. लिडियनमध्ये मध्यम तीव्र. तो शुद्ध केला की आयोनियन, मग नी कोमल केला की मिक्सोलिडियन, त्यात ग कोमल केला की डोरियन, मग ध उतरवून एओलियन, रे उतरवून फ्रिजियन, शेवटी पंचम उतरवून लोक्रियन. दर वेळी एकच सूर बदलतो.

तिसरी_ओळ
हे पटलं. फक्त बी लोक्रियनला नुसता बी धरा. खाली पंचम म्हणून एफ शार्प धरलात तर वरच्या एफशी टक्कर होईल.

पांढरी_पट्टी
आत्ताच डी-ए धरून वाजवलं. तिसऱ्या खेपेला बी वर आले आणि हात तिथेच थांबला. हाच तो रेकॉर्डिंगमधला रंग! मग बी फ्लॅट घेतला तर सगळं एकदम अंधारलं. दोन आठवडे बोटांचीच चूक शोधत होते. आता सी डोरियनला ई फ्लॅट, बी फ्लॅट येतात, तिथे बोटं बदलायची का?

सासष्टीकर
नाही, तीच. ई फ्लॅटवर तिसरं, मग अंगठा खालून एफवर, बी फ्लॅटवर चौथं. डाव्या हाताला चढताना 5-4-3-2-1-3-2-1. शनिवारपर्यंत डोरियन आणि एओलियन एवढेच पक्के करा, बाकीचे नंतर घ्या असं सरांना सांगा.

म्हापसा_बाजार
61 पट्ट्या पुढे कमी पडतील हं.