घरावर झुकलेला गुलमोहर काढायचाय, पुण्यात कोणाला बोलवावं? (बजेट १२ हजार)

मृण्मयी७:
नमस्कार मंडळी. कोथरूडला सासऱ्यांचं जुनं रो-हाऊस आहे, मागच्या अंगणात गुलमोहर, सासरे म्हणतात ४० वर्षांचा तरी असेल. उंची साधारण ३५ फूट, आणि आमची भिंत त्याच्यापासून जेमतेम १५ फुटांवर. गेल्या पावसाळ्यानंतर तो घराकडे जास्तच कललाय असं मला वाटतं, नवरा म्हणतो तुझा भास आहे. बुंध्याला एक तपकिरी कडक छत्री (अळंबीसारखी) पण उगवलीय. वरून महावितरणची सर्व्हिस वायर जाते. पावसाच्या आत काढायचंय. विश्वासू माणूस सुचवा, बजेट १२ हजार, त्याच्या वर जमणार नाही.

कुऱ्हाड:
१२ हजारात माणूस कशाला बोलवता, चेनसॉ विकत घ्या. मी ३ वर्षांपूर्वी स्टील (Stihl) कंपनीची घेतली, २८ हजार गेले पण गावाकडची ६ झाडं स्वतः पाडली, पैसे केव्हाच वसूल. जर्मन माल आहे.

मृण्मयी७:
@कुऱ्हाड बजेट १२ आहे हो, आणि आमच्याकडे एकच झाड आहे :)

दापोलीकर:
ताई, चेनसॉचा नाद सोडा. आमच्या वाडीतला एक जण शिडीवर चढून चेनसॉ चालवत होता, पात्याचं टोक फांदीत अडकलं आणि मशीन उसळून अंगावर आलं, खांद्याला १४ टाके. शिडीवर चेनसॉ म्हणजे आ बैल मला मार. आमच्याकडे निसर्ग वादळात (३ जून २०२०) एका दिवसात ११ नारळ नि २ फणस आडवे झाले, त्यातला एक पडवीवर. त्याआधी दोन वर्षं पाडेली (नारळ उतरवणारा) सांगत होता की शेंड्यात सोंड्या भुंगा लागलाय, काढून टाका. आम्ही म्हटलं अजून धरतोय की. तर काढायचंय तर काढाच, पण माणूस बघून.

हिरवाचाफा:
झाड दिसलं की तोडा! तो गुलमोहर ४० वर्षं सावली देतोय त्याचं काही नाही. फांद्या हलक्या करा, झाड आपोआप सावरेल.

गप्पिष्ट:
@हिरवाचाफा गुलमोहर मुळात मादागास्करचा, आपला देशी नव्हेच. कडुनिंब असता तर मीही रडलो असतो.

हिरवाचाफा:
मिरची आणि बटाटा पण देशी नाहीत, मग तुम्ही वडापाव सोडलात का?

गप्पिष्ट:
बटाट्याचं झाड घरावर पडत नाही.

बागुलबुवा:
विषयावर या. मी उद्यानाच्या कामात २० वर्षं आहे. त्या छत्रीचं कोणी काही बोलत नाही आणि मुद्दा तोच आहे. बुंध्याला लाकडासारखी कडक, वरून चकचकीत तपकिरी आणि कडेला पांढरट छत्री असेल तर बहुतेक गॅनोडर्मा बुरशी. ती आतून लाकूड आणि मुळं कुजवते, वर पानं फुलं अगदी हिरवीगार लालभडक असतात म्हणून कोणाला कळत नाही. कोयत्याच्या उलट्या बाजूने बुंधा चारी बाजूंनी ठोकून बघा, भद्द पोकळ आवाज आला तर समजा. झुकल्याच्या विरुद्ध बाजूला जमीन फुगलीय किंवा भेग पडलीय का तेही बघा, ते दिसलं तर नवऱ्याला म्हणावं भास नाही. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेत का? घालताना मुळं तोडली असणारच.

मृण्मयी७:
@बागुलबुवा घातलेत :( ५ वर्षांपूर्वी. ठोकून बघते.

अटलांटाकाका:
आमच्याकडे मागच्या वर्षी ओक काढला, ३२०० डॉलर. क्रेन, चार माणसं, हेल्मेट, सगळा कचरा मशीनमध्ये भुगा करून दोन तासांत अंगण साफ. भारतात असलं प्रोफेशनल काम कधी येणार देव जाणे. काम द्यायच्या आधी त्यांच्या इन्शुरन्सचा कागद मागायचा, नाहीतर माणूस तुमच्या अंगणात पडला तर केस तुमच्यावर. आणि अटलांटा शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही परमिटशिवाय पाडता येत नाही.

कुऱ्हाड:
काका ३२०० डॉलरमध्ये इथे ९ चेनसॉ येतील.

सातारीकंदी:
परमिट इथेही लागतं! शहरात १९७५ चा कायदा आहे, खाजगी जागेतलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आमच्या शेजाऱ्याने नुसत्या फांद्या छाटल्या तरी नोटीस आली होती. क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागाकडे अर्ज द्या, फोटो जोडा (छत्री, झुकाव, वायर सगळं दिसेल असे), ते येऊन पाहणी करतात. धोकादायक आहे हे अर्जात ठळक लिहा. अजून एक, २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाड जितक्या वर्षांचं तितकी नवी लावायची, म्हणजे ४० म्हटलं तर ४० रोपं. आणि ५० च्या पुढचं झाड हेरिटेज धरतात. सासऱ्यांना म्हणावं आकडा फुगवू नका.

गप्पिष्ट:
चेंबूरला २०१७ ला नारळाचं झाड पडून एक बाई गेल्या, आठवतंय ना. लवकर अर्ज करा.

दापोलीकर:
अर्ज कराच असं मीही म्हणतो.

बागुलबुवा:
आता काम कसं करायचं ते. झाड ३५ फूट आणि घर १५ वर, म्हणजे बुंध्याला खाच मारून आडवं पाडणं विसरा, त्याला उंचीच्या दुप्पट मोकळी जागा लागते. वरून तुकड्या-तुकड्याने उतरवायचं, प्रत्येक फांदी आधी दोराने बांधून. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची मग वरून, नाहीतर अर्ध्यात मोडून साल सोलत खाली येते आणि चढलेल्या माणसाला घेऊन येते. वायरसाठी महावितरणला १९१२ वर फोन करून सप्लाय बंद करून घ्या, मेन स्विच पाडून उपयोग नाही, वायर खांबापासून चालूच असते. येणाऱ्या माणसाला विचारा, कमरेचा पट्टा आणि दोर तुझे की माझे? "दोरी आहे का घरात" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. पुण्यात याचे २०-२५ हजार होतील, १२ मध्ये नाही.

कुऱ्हाड:
वखारवाल्याला विचारा, लाकडाचे पैसे वजा होतील.

दापोलीकर:
गुलमोहराला कोण विचारतो, फणस असता तर गोष्ट वेगळी.

मृण्मयी७:
अपडेट. सगळ्यांचे आभार. ठोकून बघितलं, एका बाजूला पोकळ वाजतंय. अर्ज दिला, साहेब बघून गेले, काढायची परवानगी मिळेल म्हणाले. पण सासूबाईंनी झाड काढायला साफ नकार दिला, नवऱ्याच्या मुंजीत लावलंय म्हणे (म्हणजे ४० पण नाही, ३१!). म्हणून सध्या घराकडच्या फांद्या तेवढ्या रीतसर परवानगीने छाटतोय, ९ हजारात, आणि सासू-सासरे पावसाळाभर पुढच्या खोलीत झोपणार. बाकी दिवाळीनंतर बघू.

बागुलबुवा:
अहो! एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर सगळा भार दुसरीकडे जाईल, कुजलेला बुंधा तोच राहणार. तिकडे कोण राहतं?

मृण्मयी७:
तिकडे शेजाऱ्यांची गाडी असते. सांगून ठेवते त्यांना. छत्रीवर सासूबाईंनी हळद आणि चुना लावलाय.

बागुलबुवा:
🙏

हिरवाचाफा:
छान निर्णय!

सातारीकंदी:
छाटलेल्या फांद्यांचं काय करताय? आमच्याकडे अजून बंब आहे, टेम्पो घेऊन येतो रविवारी.