मदत हवी आहे: जिओजेब्रा आणि सिद्धता, दोन्ही एका तासात कसं बसवता?

नमस्कार. मी ऐरोलीत मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. वर्गात यंदा स्मार्टबोर्ड आला. वर्तुळाच्या प्रकरणात जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं: बिंदू त्याच कंसावर कुठेही सरकवा, अंतर्लिखित कोन तेवढाच राहतो आणि केंद्रापाशी होणारा कोन त्याच्या दुप्पट. मागच्या बाकावरची मुलंही पुढे येऊन बिंदू सरकवू लागली. खडूने काढलेल्या आकृतीत हे दिसत नाही, हे मान्यच.

पण सिद्धता लिहायला सांगितली की तीच मुलं अडतात. “दिसतंय ना मॅडम, मग सिद्ध कशाला करायचं?” प्रश्न रास्त आहे, आणि “बोर्डाला विचारतात म्हणून” हे उत्तर मला द्यायचं नाही.

तुम्ही आधी आकृती हलवून दाखवता की आधी सिद्धता घेता? ३५ मिनिटांच्या तासातली किती मिनिटं स्मार्टबोर्डला देता? घरी बहुतेकांना आईबाबांचाच फोन मिळतो, तोही रात्री, म्हणून त्यावर गृहपाठ देणं मला पटत नाही.

ठाणे-नवी मुंबईत कोणी वर्गात वापरलेली कृतिपत्रिका असेल तर कृपया पाठवा. समरूपतेची असली तरी चालेल.