काल्पनिक साम्राज्याचा उन्हाळी राजवाडा : वैशाखात कारंज्यांना पाणी कुठून आणावे?

शेवंती (डिचोली)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील साम्राज्याची राजधानी घाटमाथ्यावरच्या कोरड्या पठारावर असून चैत्र सरताच सम्राज्ञी सगळा दरबार घेऊन घाटाच्या कुशीतल्या उन्हाळी राजवाड्यात उतरते. राजवाड्याच्या मागे डोंगर, पुढे उतरत जाणारे पाच मजगे (पायऱ्यांसारखे सपाट टप्पे), मधून वाहणारा पाट आणि दुतर्फा कारंजी अशी बागेची रचना मी केली आहे. जहांगीराच्या काळात, १६१९ साली, श्रीनगरला आकाराला आलेली शालीमार बाग माझ्या डोळ्यांपुढे होती.

सोबत जोडलेले हे प्रकरण ज्यांना वाचायला दिले त्यांनी वर्णन सुंदर असल्याचे सांगितले, पण बाग खरी वाटत नाही, असेही सांगितले. या जगात मंत्रविद्या आहे. मात्र पाणी कोणाच्याही मंत्राला बधत नाही, हा नियम मी पहिल्याच प्रकरणात घालून घेतला आहे आणि तो मोडायची माझी इच्छा नाही. मग बाग नेमकी कुठे खोटी पडते? आपल्या मातीची आणि पाण्याची जाण असलेल्यांनी कृपया सांगावे.

पोफळीचे राखण (फोंडा)

शेवंतीबाय, तुमची बाग ऋतूत खोटी पडते. काश्मीरमध्ये डोंगरावरचे बर्फ उन्हाळ्यात वितळते, म्हणजे बादशहा तिथे पोहोचायचा तेव्हाच ओढे भरून वाहत असत. आपल्या घाटात नेमके उलटे घडते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि वैशाखापर्यंत झरी आटत आलेली असते. तुमची सम्राज्ञी पाण्याच्या सर्वांत वाईट दिवसांत येते आणि तरीही तिची सगळी कारंजी उडत असतात. इथे कोणीही वाचक अडखळेल.

आमच्या कुळागराला, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेला, वरच्या झरीचे पाणी पाटाने येते. पावसानंतर पाटात गुडघा बुडतो, पण एप्रिलच्या शेवटी तीच धार मनगटाएवढी होते. मग आमचे बाबा केळीचे सोपट आडवे लावून, वर ओली माती थापून पाटाचे एक तोंड बंद करतात आणि दुसरे उघडतात; पाणी पोफळीच्या आळ्यांत पोहोचेपर्यंत हातात खोरे घेऊन तिथेच उभे राहतात. खालच्या शेजाऱ्याची पाण्याची पाळी सूर्य कलल्यावर सुरू होते, आणि ती पाव तासाने जरी चुकली तरी तो बांधावर येऊन उभा राहतो. तुमच्या राजवाड्याच्या खालीही एखादे गाव असेलच. कारंजी उडतात त्या दिवशी त्या गावाची पाळी कोण खातो, हे मला वाचायला आवडेल. मला तरी खरी कथा तिथेच दिसते.

चिरेबंदी (पणजी)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण म्हणून कारंजी काढून टाकू नका. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करताना एक गोष्ट शिकलो : कारंज्याला वाहती नदी लागत नाही, उंचावर साठवलेले पाणी लागते. साठा जितका वर, तितका खालच्या तोटीतून फवारा उंच.

भरतपूरजवळचा डीगचा राजवाडा याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे गच्चीवर मोठा हौद आहे. बैलांच्या मोटेने पाणी चढवून तो भरायला कित्येक दिवस लागत आणि नंतर कारंजी काही तासच चालत. हौदाच्या भिंतीतल्या छिद्रांना दट्टे लावलेले असत आणि त्यांत रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की फवारे रंगीत उडत. हेच तुमच्या कथेत आणा : कारंजी रोज न उडता वर्षातून एकाच संध्याकाळी उडू द्या आणि त्यासाठी पंधरा दिवस मोट चालू द्या. मंत्र न चालणाऱ्या जगातली पाण्याची किंमत मग वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बांधकामाबद्दल एक सूचना. तुम्ही हौद नुसत्या चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) दाखवला आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्याला लागल्यावर कठीण होतो, पण तो सच्छिद्र असतो. आतून चुन्याचा घट्ट गिलावा नसेल तर पाणी पाझरून जाईल. फोंड्याच्या साफा मशिदीची १५६० ची चिऱ्याची तळी एकदा शांतपणे पाहून या. तिच्या भिंतींत कमानीदार कोनाडे आहेत. शालीमार बागेतही पाण्याच्या पडद्यामागे कोनाडे असून त्यांना चिनीखाना म्हणतात. तिथे दिवसा फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवत. तुमच्या पाटाला फार पाणी नसले तरी बोटभर जाडीचा पडदा आणि त्यामागे पणत्यांची रांग एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहील.

आषाढी (सत्तरी)

माझा आक्षेप लागवडीवर आहे. चारबाग पद्धतीत, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या मोगली बागेत, फुलांचे वाफे वाटेपेक्षा खोल ठेवतात, म्हणजे पाणी सोडले की ते आपोआप भरतात. कोरड्या प्रदेशात ही रचना शहाणपणाची आहे, परंतु आपल्याकडच्या पावसात त्या वाफ्यांची डबकी होतील आणि गुलाब आषाढातच कुजतील. वाफे उंच करा, कडेने चर काढा. सुरूची झाडे आणि गुलाब यांच्या जागी बकुळ, सोनचाफा, सुरंगी लावा. सुरंगी उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते. दरबार उतरतो तेव्हा तिचा शेवटचा बहर सुरू असेल आणि मधमाश्यांचा घोंघाट पालखीपर्यंत ऐकू येईल.

शिवाय दरबार परतल्यावर आठ-नऊ महिने तिथे कोण असते? मातीच्या भिंतींना पावसाआधी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधणारे, चरातला पाचोळा काढणारे कोणीतरी असणारच. तुमच्या प्रकरणात मला एकही माळी भेटला नाही.

शेवंती (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. ऋतूची चूक इतकी उघड होती, आणि तरी आमच्याच विहिरीचा तळ दर मे महिन्यात पाहूनही ती माझ्या लक्षात आली नाही, याचे वाईट वाटले.

काल रात्री नकाशा पुन्हा काढला. पाचांपैकी तीन मजग्यांवर आता पोफळी आणि केळी आहेत, कारंजी फक्त सर्वांत खालच्या मजग्यावर आहेत आणि त्यांच्यासाठी वर एक हौद आहे. प्रकरणाची सुरुवातही बदलली. आता सम्राज्ञीची पालखी घाटात असतानाच एक म्हातारा माळी पहाटे गावाकडचे पाटाचे तोंड सोपटाने बंद करतो आणि बांधावर त्याचा स्वतःचा जावई येऊन उभा राहतो. दोघेही काही बोलत नाहीत. पोफळीचे राखण, तुमच्या बाबांना विचाराल का : बंद केलेल्या तोंडातून रात्रभरात किती पाणी झिरपून खाली जाते? जावयाच्या आळ्यांना तेवढे पुरेल की नाही, यावर माझे पुढचे पान अडले आहे.