वाटीभर पालक आणि फेकलेल्या गोळ्या

मुळासकट:
काल इथे एकाने लिहिलं, "रोज वाटीभर पालक खा आणि लोहाच्या गोळ्या फेकून द्या." खाली बदामांचा पाऊस. म्हणून हा प्रपंच. कच्च्या १०० ग्रॅम पालकात लोह असतं साधारण २.७ मिलिग्रॅम आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. मी सहा महिने हा प्रयोग केला. हिमोग्लोबिन ९.४ वरून ९.१. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं. पालेभाज्या खाव्यातच, फोलेट, के जीवनसत्त्व, चोथा, सगळं मिळतं. पण गोळीच्या जागी जुडी बसवू नका.

हिरवाकंच:
आली गोळ्यांची वकिली! माझ्या आजीने लोहाची गोळी कधी पाहिली नाही, नव्वदीपर्यंत ताठ होती. वर लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं, हे सोयीस्कर विसरलात. जेवण झाल्या झाल्या चहा ढोसत असाल तर पालकाने काय करायचं?

मुळासकट:
चहाचं मान्य. घेत होते. आजीचं राहू द्या, प्रत्येक धाग्यात एक ताठ आजी असतेच.

दीडशहाणा:
आता कुणीतरी येईल आणि सांगेल की दशांश चिन्ह चुकल्यामुळे पालकाचं लोह दसपट छापलं गेलं. ती गोष्टच दंतकथा आहे. टंकू नका.

काडीमोड:
मी पालक उकळून पाणी फेकते. ऑक्झलेट जातं, खडा करणारा पालकातला क्षार. मुतखडा झालेल्यालाच कळतं ते काय असतं. पहाटे तीनला बाथरूमच्या फरशीवर मुटकुळं करून पडले होते.

हिरवाकंच:
पाणी फेकता?? फोलेट आणि क त्यातच उतरतात! मग उरलेला लगदा खाता कशाला?

काडीमोड:
तुमचं फोलेट तुम्हाला लखलाभ. माझा खडा ऑक्झलेटचाच होता, तपासून घेतलाय.

दीडशहाणा:
दोघंही बरोबर आहात, म्हणूनच भांडताय. उकळलं की ऑक्झलेट कमी होतं आणि जीवनसत्त्वंही. खडा झालेल्याने पाणी फेकावं, बाकीच्यांनी वाफवावं. भाजीबरोबर दूध-दही घेतलं तर कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं.

हिरवाकंच:
दूध कशाला मध्ये आणता? कॅल्शियम पालकातही आहे.

दीडशहाणा:
आहे ना, त्याच ऑक्झलेटने बांधलेलं! शोषण जेमतेम ५ टक्के. दुधातलं ३० च्या आसपास. दूध नको तर केल नावाची पालेभाजी खा, त्यातलं चांगलं शोषलं जातं.

काडीमोड:
माझी भाजी, माझं पातेलं, माझं पाणी. विषय संपला.

मुळासकट:
विषय गोळ्यांचा होता हो.

नुसतीवाचक:
पहिल्यांदाच लिहितेय. बाबा वॉरफरिनवर आहेत, रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध. असल्याच एका पोस्टवरून अचानक रोज पालेभाजी सुरू केली आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) घसरला, कारण के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं. डॉक्टरांनी भाजी बंद करायला सांगितलं नाही; रोज साधारण सारखीच खा, म्हणाले. हे सुरुवातीला कुणीच सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

मुळासकट:
हिरवाकंच, बी१२ जीवनसत्त्व कुठून घेता? पालकातून?

हिरवाकंच:
…गोळी घेतो. चार वर्षं फक्त वनस्पतीजन्य खाल्लं, मस्त होतो. यकृतातला साठा संपेपर्यंत काही कळलंच नाही. मग पाय बधिर झाले; एक दिवस चप्पल पायातून निसटली, मला पत्ताच नाही, आणि मी तसाच जिना उतरून खाली आलो. हसू नका.

मुळासकट:
हसत नाही. फेकू नका म्हणजे झालं.

हिरवाकंच:
बी१२ ची फेकत नाही. लोहाचं बघू.

काडीमोड:
आणि पाणी?